वाचकांचे प्रश्न : वखारीतली भाषा आणि लाकडाचे माप

घर बांधणाऱ्या किंवा जुने घर दुरुस्त करून घेणाऱ्या वाचकांनी लाकूडखरेदीविषयी पाठवलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे निरनिराळ्या गावांची असली तरी बहुतेकांची अडचण एकच आहे. वखारीत दर सांगितला जातो, पण तो ओंडक्याचा, चिरलेल्या लाकडाचा की रंधलेल्या लाकडाचा, हे ग्राहक विचारत नाही आणि दुकानदार आपणहून सांगत नाही.

प्रश्न : दाराच्या चौकटीचे बिल घनफुटावर आले. घरी चौकट मोजून हिशेब केला, तेव्हा माझे घनफूट बिलापेक्षा कमी भरले. मला फसवले गेले का? — एक वाचक, सातारा

बहुधा नाही; मात्र खात्री करून घेणे आपल्याच हातात आहे. चिरलेल्या लाकडाचे घनफूट काढताना लांबी फुटांत आणि रुंदी व जाडी इंचांत घेतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि त्याला १४४ ने भागतात. दोन मापे इंचांत असल्यामुळे बारा गुणिले बारा म्हणजे १४४ हा भाजक येतो. सात फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद अशी, उंबरठा नसलेली चौकट घेऊ. तिला दोन उभी लाकडे सात-सात फुटांची आणि वरचे आडवे लाकूड साडेतीन फुटांचे, असे एकूण साडेसतरा फूट लाकूड लागते. लाकूड पाच बाय तीन इंचांचे असेल, तर १७.५ गुणिले ५ गुणिले ३ म्हणजे २६२.५, आणि त्याला १४४ ने भागल्यावर १.८२ घनफूट येतात.

आता हीच चौकट घरी आल्यावर मोजा. आऱ्यावरून निघालेले लाकूड खरखरीत असते, त्यावर रंधा फिरतो आणि प्रत्येक बाजूचा थोडा भाग छिलून जातो. पाच बाय तीनचे लाकूड रंधल्यावर साधारण पावणेपाच बाय पावणेतीन उरते. त्या मापाने हिशेब केला, तर उत्तर १.५९ घनफूट येते. १.८२ आणि १.५९ यांतला फरक पाव घनफुटाच्या जवळ जातो, आणि सागाच्या दराने तो कोणाच्याही डोळ्यांत भरेल. वखारीचे बिल कच्च्या, म्हणजे आऱ्यावरून उतरलेल्या मापावर होते, आणि ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. तिच्यात लबाडी नाही, पण दर ऐकताच ‘हे माप कच्चे की रंधलेले?’ असे विचारून घ्यावे आणि उत्तर बिलावर लिहून मागावे.

फरकाची आणखी दोन कारणे संभवतात. चौकटीच्या वरच्या लाकडाची टोके भिंतीत रोवण्यासाठी दोन्ही बाजूंना थोडी बाहेर काढतात आणि ती मोजताना ग्राहकाच्या हिशेबातून सुटतात. उंबरठा घेतला असेल, तर आणखी साडेतीन फूट लाकूड लागते आणि पाच बाय तीनच्या मापाने त्याचे ०.३६ घनफूट होतात. चिराई आणि रंधकाम यांची मजुरी लाकडाच्या दरात धरली आहे की वेगळी, हेही त्याच वेळी विचारावे.

सुतार इंचाच्या खालचे माप सुतात सांगतो, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. एका इंचाचे आठ सूत होतात. ‘फळी सहा सूत ठेवू’ असे तो म्हणतो, तेव्हा तयार फळी पाऊण इंच जाडीची मिळेल आणि तिच्यासाठी कच्ची फळी एक इंचाची लागेल, असा त्याचा अर्थ आहे. बिल होईल ते त्या एक इंचाचे.

प्रश्न : चिरलेले लाकूड घेण्यापेक्षा अख्खा ओंडका घेऊन चिरून आणावा, तो स्वस्त पडतो, असे ओळखीचे लोक सांगतात. हे खरे आहे का? — एक वाचक, यवतमाळ

दर घनफुटाला ओंडका स्वस्त असतो, परंतु ते घनफूट आणि चिरलेल्या लाकडाचे घनफूट एकच नव्हेत. ओंडका मोजताना त्याच्या मध्यावर दोरी किंवा टेप गुंडाळून घेर घेतात. घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करतात आणि त्याला लांबीने गुणतात. दहा फूट लांब आणि चाळीस इंच घेराच्या ओंडक्याचा चतुर्थांश घेर दहा इंच येतो. दहा गुणिले दहा गुणिले दहा, भागिले १४४, असे ६.९४ घनफूट होतात. त्याच ओंडक्याचे खरे दंडगोलाचे घनफळ मात्र ८.८४ घनफूट भरते. म्हणजे या पद्धतीत खऱ्या घनफळाचा सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्के भागच मोजला जातो. इंग्लंडमधील एडवर्ड हॉपस यांनी १७३६ मध्ये या पद्धतीचे तक्ते छापले आणि ब्रिटिश अमलाबरोबर ती आपल्याकडे आली, म्हणून तिला आजही हॉपस माप म्हणतात. गोल लाकूड चौकोनी करताना कडा वाया जाणार, याची थोडी सूट तिच्यात आपोआप मिळते. वन विभागाच्या लिलावात मात्र हिशेब घनमीटरमध्ये चालतो. एक घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट. साल धरून घेर घेतला की साल सोडून, याचीही चौकशी करावी, कारण जाड सालीच्या झाडात तेवढ्यानेच हिशेब बदलतो.

ही सूट मिळाली तरी वाया जाणारे लाकूड पुष्कळ असते. आरागिरणीत थोडा वेळ उभे राहिल्यास ते समजते. ओंडका रुळांवरच्या ट्रॉलीवर चढवून घट्ट अडकवतात आणि ट्रॉली उभ्या पट्टा आऱ्याकडे सरकवतात. पहिल्या कापात सालीसकट अर्धगोल फळकूट निघते, ज्याचा उपयोग बहुधा जळणापुरता होतो. त्यानंतर ओंडका सपाट बाजूवर फिरवतात आणि दुसरे फळकूट पडते. चारही बाजू अशा उतरल्यावर चौकोनी ठोकळा उरतो आणि मग त्याच्या फळ्या, पट्ट्या किंवा चौकटीची लाकडे पाडतात. प्रत्येक कापाला आऱ्याच्या पात्याइतके लाकूड भुसा होऊन जाते. पट्टा आऱ्याचे पाते दोन ते तीन मिलिमीटर लाकूड खाते, तर मोठ्या चक्री आऱ्याला पाच-सहा मिलिमीटर लागतात. एक इंची फळ्या पाडायच्या असतील, तर पट्टा आऱ्यावर जवळजवळ अकरावा भाग आणि चक्रीवर त्याच्या दुपटीच्या आसपास भाग भुशात जातो. म्हणून गिरणीत गेल्यावर सर्वांत आधी पाहायचे ते आऱ्याचे पाते.

त्याशिवाय आत काय निघेल याचा भरवसा नसतो. पोकळी, मेलेल्या गाठी आणि भेगा ओंडक्याच्या टोकावरून पूर्ण कळत नाहीत. जिवंत गाठ भोवतीच्या लाकडाशी एकजीव असते आणि ती चालून जाते. मेलेली गाठ सुकल्यावर सैल होऊन निघून पडते. एका घराच्या दोन-तीन चौकटींसाठी ओंडक्याच्या फंदात पडू नये, असे आमचे मत आहे. संपूर्ण घराचे लाकूडकाम असेल, चिरलेले लाकूड सुकवण्यासाठी आडोसा व वेळ असेल आणि ओंडका पारखणारा सुतार सोबत असेल, तर ओंडका परवडतो.

प्रश्न : अस्सल सागाची दारे करून घेतली, तरी पहिल्याच पावसाळ्यात ती वाकली आणि चौकटीत अडकू लागली. सुतार म्हणतो लाकूड ओले होते. वखारवाला म्हणतो सुताराने चूक केली. खरे कोण? — एक वाचक, रत्नागिरी

पत्रावरून निर्णय देता येत नाही, पण कोणत्या दोन गोष्टी तपासाव्यात ते सांगता येईल. पहिली लाकडातले पाणी आणि दुसरी फळीचा काप.

लाकडातल्या पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या टक्केवारीत सांगतात. म्हणून ताज्या तोडलेल्या काही लाकडांत ते शंभर टक्क्यांच्याही वर जाऊ शकते, आणि तसा आकडा वाचून कोणी गोंधळू नये. सुकताना सुमारे तीस टक्क्यांपर्यंत पेशींच्या पोकळीतले मोकळे पाणी जाते आणि लाकडाचे माप बदलत नाही. त्यानंतर पेशींच्या भिंतीतले पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसते. सुकल्यावरही ते हवेशी देवघेव करीत राहते. कोकणातल्या पावसाळ्यात ते सोळा-अठरा टक्क्यांपर्यंत ओलावा धरते, तर नागपूरच्या मे महिन्यात सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरते. त्यामुळे वखारीतला ‘सुके लाकूड’ हा शब्द एकटा पुरेसा नाही. किती टक्के ओलावा आहे, असे विचारावे, आणि सुया टोचून ओलावा दाखवणारे छोटे मीटर असेल, तर फळीच्या टोकाला नव्हे तर मध्याजवळ टोचून पाहावे, कारण टोक नेहमीच लवकर सुकलेले असते.

नैसर्गिकरीत्या सुकवलेल्या लाकडाला काही ठिकाणी सीझन केलेले म्हणतात आणि भट्टीत सुकवलेल्याला भट्टीचे किंवा किल्न-ड्राय म्हणतात. उघड्यावर सुकवताना फळ्यांची थप्पी लावतात आणि दर थराच्या मध्ये ठरावीक अंतरावर सारख्या जाडीच्या आडव्या पट्ट्या ठेवतात, म्हणजे हवा सर्व बाजूंनी खेळते. या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत आल्या नाहीत, तर फळी त्या भाराने तेथेच वाकते आणि पुढे रंध्याने ती सरळ होत नाही. एका इंचाच्या जाडीला एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. हवामान आणि झाडाची जात यांप्रमाणे तो बराच कमी-जास्त होतो. वखारीत भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या फळ्यांना कोणी सुकवलेल्या म्हटले, तर त्या शब्दावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट कापाची. लाकूड सर्व दिशांना सारखे आकसत नाही. वार्षिक वलयांच्या वर्तुळाच्या दिशेने ते सर्वांत जास्त आकसते, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. पूर्ण ओल्या स्थितीपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत साग वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो. साग चांगला मानतात तो या आकड्यांमुळेही. इतर अनेक लाकडांत ते याहून मोठे असतात.

ओंडका न फिरवता सरळ चिरत गेल्यास बहुतेक फळ्यांच्या टोकावर वलये फळीच्या रुंदीला समांतर आडवी दिसतात. याला सपाट काप म्हणतात. अशा फळीच्या दर्शनी बाजूवर एकात एक बसलेल्या कमानींची नक्षी येते आणि ग्राहकाला ती आवडते. ओंडक्याचे चार भाग करून मग फळ्या काढल्या, तर टोकावर वलये उभी दिसतात आणि दर्शनी बाजूवर सरळ समांतर रेषा येतात. याला क्वार्टर काप म्हणतात. त्यात लाकूड जास्त वाया जाते, फळ्या अरुंद निघतात आणि म्हणून त्या महाग असतात. दहा इंच रुंदीची सागाची फळी वीस टक्के ओलाव्यावरून बारा टक्क्यांवर आली, तर सपाट कापाची फळी सुमारे सव्वा सुताहून थोडी जास्त आकसते आणि क्वार्टर कापाची अर्ध्या सुताच्या आसपास. दाराच्या फटीसाठी हा फरक मोठा आहे. सपाट कापाची फळी सुकताना वाटीसारखी खोलगटही होते आणि खोलगट बाजू सालीकडची असते.

आपल्या दाराच्या फळीचे टोक पाहून ती कोणत्या कापाची आहे हे आताही ओळखता येईल. वलये आडवी दिसली आणि दार सालीच्या बाजूला खोलगट झाले असेल, तर लाकूड ओलसर असताना काम झाले, अशी दाट शक्यता आहे. मात्र दार फक्त पावसात फुगून अडकत असेल आणि दिवाळीनंतर पुन्हा मोकळे होत असेल, तर वखार निर्दोष असून फट कमी ठेवणाऱ्या सुताराला बोलावे लागेल. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडांना पॉलिश किंवा रंग लावला आहे का, हेही वाकून पाहावे. त्या दोन कडा दिसत नाहीत म्हणून बहुतेक जण त्या कोऱ्याच सोडतात आणि पाणी तेथूनच आत जाते.

प्रश्न : फळीच्या कडेला पांढरट पट्टा दिसतो. तो चालेल का? — एक वाचक, नाशिक

सागाच्या बाबतीत पाया, चौकट किंवा ओल्या भिंतीजवळच्या कामाला चालणार नाही. झाडाच्या सालीखालचा पांढरट भाग जिवंतपणी पाणी वाहून नेतो आणि आतला गडद भाग झाडाला पेलून धरतो. टिकाऊपणा येतो तो आतल्या गाभ्याच्या लाकडाला; पांढऱ्या भागाला, ज्याला वखारीत सॅप म्हणतात, वाळवी आणि कीड सहज लागते. कोवळ्या, बारीक घेराच्या सागात हा भाग जास्त असतो आणि त्यामुळेच बारीक ओंडक्याचा दर घनफुटाला कमी असतो. रंगाने गडद केलेला सॅप ओळखायचा असेल, तर फळीचा कोपरा ब्लेडने खरवडावा.

प्रश्न : वखारीत सीपी, बर्मा, आफ्रिकन अशी नावे ऐकायला मिळतात. हे सर्व सागच आहेत का? आणि हार्डवुड म्हणजे कठीणच लाकूड असते का? — एक वाचक, ठाणे

तिन्ही साग असू शकतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस; जुन्या मध्य प्रांताचे नाव नकाशावरून गेले तरी चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आणि लगतच्या मध्य प्रदेशातल्या सागाला वखारीत ते चिकटून राहिले आहे. बल्लारपूर हे या सागाचे मोठे विक्रीकेंद्र असून अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तेथूनच साग गेला. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यामुळे ‘बर्मा’ म्हणून दाखवलेला माल जुना आहे, चिरून आलेला आहे की नुसते नाव आहे, हे विचारावे. त्यानंतर घाना, बेनिन यांसारख्या आफ्रिकी देशांतून आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतून लागवडीचा साग मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. त्यात कोवळे लाकूड आणि सॅप जास्त असण्याची शक्यता असते; सगळाच माल वाईट असे मात्र म्हणता येणार नाही. कोकणातल्या जुन्या घरांत सागाइतकेच ऐन, किंजळ आणि फणस वापरलेले आढळतात, आणि छपराच्या वाशांसाठी आजही त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही.

हार्डवुड आणि सॉफ्टवुड हे शब्द वनस्पतिशास्त्राचे आहेत. रुंद पानांच्या झाडांचे लाकूड ते हार्डवुड आणि देवदार, पाइन यांसारख्या सूचिपर्णी झाडांचे ते सॉफ्टवुड. आपली काटेसावर शास्त्राप्रमाणे हार्डवुडच ठरते, पण तिचे लाकूड इतके हलके की ते आगकाड्यांना आणि खोक्यांना लागते.

प्रश्न : येथे दुकानातून ‘टू बाय फोर’ आणली. मोजली तर ती ना दोन इंच भरते ना चार. पुण्यात वडील घनफूट म्हणतात, येथे बोर्ड फूट म्हणतात. दोन्हींचा मेळ कसा घालावा? — एक वाचक, न्यू जर्सी

अमेरिकेत ‘टू बाय फोर’ हे नाव आहे, माप नव्हे. तिचे खरे माप दीड बाय साडेतीन इंच असते आणि ‘वन बाय सिक्स’चे पाऊण बाय साडेपाच. सातारच्या वाचकांना जो फरक बिलात दिसला, तोच येथे नावात जाऊन बसला आहे: नाव कच्च्या मापाचे आणि हातात येते ते सुकवून रंधलेले लाकूड.

बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड लाकूड. एका घनफुटात बारा बोर्ड फूट बसतात, म्हणून वडिलांच्या घनफुटाला बाराने गुणावे. बोर्ड फूट काढताना लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घेऊन १४४ ऐवजी बाराने भागतात. टू बाय फोरच्या आठ फुटी तुकड्याचे बोर्ड फूट नावाच्या मापाने काढतात आणि ते ५.३३ येतात. तेथील हार्डवुडच्या फळ्या जाडीच्या पाव इंचांत सांगतात. ‘फोर क्वार्टर’ म्हणजे चार पाव, अर्थात एक इंच, आणि ‘एट क्वार्टर’ म्हणजे दोन इंच, दोन्ही कच्चे. लाकडावरच्या शिक्क्यात ‘एस-ड्राय’ असेल, तर ओलावा १९ टक्क्यांपर्यंत आणि ‘केडी-फिफ्टीन’ असेल, तर भट्टीत सुकवून १५ टक्क्यांपर्यंत असतो. ‘एस-ग्रीन’ म्हणजे ओले लाकूड. ‘एचटी’ ही खूण सुकवल्याची नसून कीड मारण्यासाठी उष्णता दिल्याची आहे, आणि तिची गल्लत पुष्कळ जण करतात.

प्रश्न : आमच्या शेताच्या बांधावर सागाची जुनी झाडे आहेत. त्यांतील एक तोडून घराच्या कामासाठी चिरून घ्यायचे आहे. झाड आमचेच असताना परवानगी कशाला हवी? — एक वाचक, सिंधुदुर्ग

झाड आपले असले तरी साग हा महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत विनियमन करणाऱ्या १९६४ च्या अधिनियमाच्या अनुसूचीतला वृक्ष आहे, म्हणून तोडण्यापूर्वी लेखी परवानगी लागते. सात-बाराचा उतारा आणि झाडांची माहिती घेऊन आपल्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी चौकशी करावी. झाड उभे असतानाच पाहणी होते, तोडल्यानंतर ओंडक्यांवर शिक्का पडतो आणि शेतातून गिरणीपर्यंत माल नेताना वाहतुकीचा पास सोबत ठेवावा लागतो. गिरणीवाला हा पास मागतो तो आडमुठेपणाने नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने, केंद्राच्या मंजुरीविना जंगलात चालणारी कामे थांबवताना त्यांत आरागिरण्यांचाही उल्लेख केला, आणि त्यानंतर गिरण्यांच्या परवान्यांची तपासणी कडक झाली. पास नसलेला ओंडका ट्रॉलीवर चढवल्यास त्याचा परवाना धोक्यात येतो.

तोड शक्यतो पावसाळा संपल्यावर करावी, म्हणजे पावसातली बुरशी आणि चिखलातली ओढाताण टळते. तोडल्या दिवशीच ओंडक्याच्या दोन्ही टोकांना रंग किंवा वितळलेले मेण फासावे. टोके बाजूंपेक्षा कित्येक पट वेगाने सुकतात आणि तसेच सोडल्यास दोन्हींकडून फूटभर भेगा आत शिरतात. भेग गेलेला भाग चिरताना कापून टाकावा लागतो, म्हणून दहा फुटी ओंडक्यातून आठ फुटी चौकटच हाती लागते. गिरणीत जाताना यादी लांबी, रुंदी, जाडी आणि नग अशी लिहून न्यावी, रंध्यासाठी प्रत्येक बाजूला एक सूत जास्त सांगावे, आणि चौकटीच्या उभ्या लाकडांत गाभ्याचा मधला बिंदू येऊ देऊ नये असे गिरणीवाल्याला आधीच सांगावे. तो बिंदू मध्ये आला, तर सुकताना तेथून कडेपर्यंत उभी भेग पडते. चिरलेल्या फळ्यांसोबत फळकुटेही घरी आणावीत, कारण थप्पीत मध्ये ठेवायच्या पट्ट्या त्यांतूनच फुकट निघतात. मात्र त्या आधी सुकवून, सारख्या जाडीच्या करून घ्याव्यात.